विचारा बाईंना : ‘करता येत नाही’ आणि ‘करवत नाही’

प्रश्न : आदरणीय बाई, सलाम. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. दिवसा बाहेरून बी.ए. करतो. आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, देवाला जबरदस्तीचं प्रेम नको होतं, म्हणून त्यानं माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं आणि त्यातूनच पाप आलं. पटलं. पुढच्या रविवारी सांगितलं, स्वर्गात पाप नाही, रडणं नाही. तेही पटलं. पण दोन्ही एकदम पटेनात. स्वर्गात पाप करता येत असेल, तर कोट्यवधी वर्षांत कुणीतरी करणारच, मग तो स्वर्ग कसला? आणि करता येत नसेल, तर स्वातंत्र्य गेलं, मग तिथं आपण माणसं की मशीन? आमच्या नव्या लूमला ताण्याचा एक धागा तुटला की पिन पडते आणि लूम आपोआप थांबतो. स्वर्ग असाच आहे का? बरं, स्वातंत्र्य राहूनही पाप होत नाही असं तिथं जमत असेल, तर देवानं आदाम-हव्वेच्या एदेन बागेतच तसं का केलं नाही? लूमवरचा माझा जोडीदार पद्मशाली आहे, हिंदू विणकर समाजातला. तो म्हणतो, ‘आमचा स्वर्ग बरा. पुण्य संपलं की माणूस खाली. हिशेब तरी सरळ.’ चहाच्या टपरीवर मला काही बोलता आलं नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वयानं तू माझ्या नातवाएवढा, म्हणून अरे-तुरे करते. तुझं पत्र कारखान्याच्या तपासणीच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर आलंय. उलटून बघितलं तर छापील रकाने : नग, वजन, दोष. दोषाच्या रकान्यात कुणीतरी ‘२’ लिहून, खोडून ‘०’ केलंय. कुणी केलं ते विचारत नाही. कागद मात्र विषयाला धरून निवडलास.

हा प्रश्न मला नवा नाही. तीसेक वर्षांपूर्वी संडे स्कूलमध्ये सातवीतल्या एका पोरानं आपल्या सोलापुरी भाषेत हाच विचारला होता, ‘टीचर, देव पहिल्यापासूनच तसं केला असता तर काय बिघडलं असतं?’ मी त्याला म्हटलं, खाली बस. मला उत्तर येत नव्हतं, दुसरं काही नाही. तो खाली बसला आणि पुढच्या रविवारपासून यायचाच बंद झाला. त्याची उधारी आज तुझ्याकडे फेडते.

आधी तुझ्या जोडीदाराचं. तो चुकीचं बोललेला नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात तेच आहे, पुण्य सरलं की माणूस पुन्हा मृत्युलोकात येतो. नहुष राजाला तर थेट इंद्राचं आसन मिळालं होतं. त्यानं ऋषींना पालखीला जुंपलं, अगस्त्यांना लाथ मारली आणि अजगर होऊन खाली आला. ययाती आपल्या पुण्याची बढाई मारायला गेला आणि ढकलला गेला. मराठी माणसाच्या कानाला ‘स्वर्ग’ ही जागाच अशी आहे, जिथं मत्सरही चालतो, गर्वही चालतो आणि पाय घसरतो. बायबल मराठीत आणणाऱ्यांनी हाच शब्द उचलला, आणि शब्दाबरोबर नहुषही आपल्या ख्रिस्ती देवळात येऊन बसला. ख्रिस्ती माणसाला जे म्हणायचंय ते इंद्रसभेपेक्षा आपल्या पंढरपूरच्या वाटेवर जास्त सापडेल. वारकरी मोक्षसुद्धा मागत नाहीत, देवाचा विसर पडू नये एवढंच मागतात. ‘पण विसरायचं स्वातंत्र्य तेवढं राखून ठेव’ असं कुणी वारकरी म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

जोडीदाराला हेही सांग, की त्याच्यासारखं बोलणारा एक मोठा ख्रिस्ती विद्वान होऊन गेलाय. अलेक्झांड्रियाचा ओरिजेन, तिसऱ्या शतकातला. त्याचा विचार असा होता, की जोवर इच्छा मोकळी आहे तोवर आत्मा वर चढेल तसा पुन्हा खालीही पडू शकेल. म्हणजे तुझी कोट्यवधी वर्षांची भीती त्याला अठराशे वर्षांपूर्वीच वाटली होती. मंडळीला, म्हणजे चर्चला, हे पचलं नाही. इ.स. ५५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेनं धिक्कारलेल्यांच्या यादीत त्याचं नाव घातलं. तोवर त्याला मरून तीनशे वर्षं झाली होती, पण धर्मसभांना घाई कधीच नसते.

तुझ्या पेचाला सरळ हात घातला तो संत ऑगस्टीननं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप. रोम शहर लुटलं गेल्यावर त्यानं ‘देवाचे नगर’ हा बावीस खंडांचा ग्रंथ लिहायला घेतला. ४१३ ते ४२६, तेरा वर्षं लागली. त्याच्या अगदी शेवटच्या प्रकरणात तो म्हणतो, आदामाला मिळालेलं स्वातंत्र्य लॅटिनमध्ये ‘पोसे नॉन पेक्कारे’ होतं, म्हणजे पाप न करणं त्याला जमण्यासारखं होतं. स्वर्गातलं स्वातंत्र्य ‘नॉन पोसे पेक्कारे’ असेल, पाप करणंच जमणार नाही. आणि हे दुसरं स्वातंत्र्य पहिल्यापेक्षा मोठं. त्याचा पुढचा सवाल बिनतोड आहे. देवाला पाप करता येत नाही, मग देव परतंत्र म्हणायचा का?

हे वाचून पहिल्यांदा मला वाटलं, शब्दांची हातचलाखी आहे. ‘जमणार नाही’ला ‘मोठं स्वातंत्र्य’ म्हणायचं, म्हणजे कैद्याला पाहुणा म्हणण्यातला प्रकार. पण मी जन्मभर मराठी व्याकरण शिकवलंय, आणि एका दुपारी शक्य क्रियापदाच्या वह्या तपासताना मला हे लॅटिनपेक्षा मराठीत नीट कळलं. आपल्याकडे ‘नॉन पोसे’ला एक शब्द नाही, तीन आहेत. ‘करू देत नाहीत’, ‘करता येत नाही’ आणि ‘करवत नाही’. पहिल्यात दारावर कुणीतरी उभं आहे. दुसऱ्यात अंगात कुवत नाही. तिसऱ्यात दार उघडं असतं, कुवतही असते, आणि तरी होत नाही. आता गुडघ्यांमुळं मला जिना चढवत नाही तेही ‘वत नाही’च, हे कबूल. तो अशक्तपणा झाला. पण रस्त्यात कुणी पोराला बडवत असेल तर मला बघवत नाही, त्यात माझे डोळे अधू आहेत असं कुणी म्हणेल का?

मोठे ग्रंथ बाजूला ठेवून माझंच सांगते. संपादकांनी कापलं नाही तर छापून येईल.

आमच्या घरी आई, मावशी, आम्ही बहिणी, सगळ्याच विड्या वळायच्या. कारखान्यातून पानं, तंबाखू, सूत मिळायचं आणि हजार विड्यांमागं मजुरी. सांडलेला तंबाखू आई तव्यावर काळा होईपर्यंत भाजायची, त्या धुरानं अख्खी गल्ली खोकायची. मग वाटून पत्र्याच्या डबीत भरायची. मी सोळा वर्षांची असताना दाढ दुखायला लागली, तेव्हा तिनंच माझ्या हिरडीवर मिश्रीचं बोट फिरवलं. दाढ बरी झाली, मिश्री राहिली.

पुढं शिक्षिका झाले. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीआड दोन मिनिटं उभी राहायची. आरोग्याच्या तासाला तंबाखूचे दुष्परिणाम फळ्यावर लिहून द्यायचे, खडूचं बोट धुवायचं आणि तेच बोट डबीत. एका पाहुण्या पाळकबाईंनी विचारलं, दात काळे कशानं झाले हो? मी म्हटलं, लोहाच्या गोळ्यांनी. मिश्री लावणं पाप की नाही यावर मंडळीत दोन मतं आहेत, मी त्यात पडत नाही. लोहाच्या गोळ्या हे पाप होतं, त्यात दोन मतं नाहीत. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो ना, जे करावंसं वाटतं ते मी करत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच करतो. त्या टाकीआड उभं राहून मला तो सातवा अध्याय तोंडपाठ झाला होता.

एकदा थोरल्या भावानं चिडून माझी डबी गटारात फेकली. त्याच संध्याकाळी मी अशोक चौकातून दोन डब्या आणल्या, एक दाखवायची आणि एक लपवायची.

मग रिटायर व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी स्वतःच धाकट्या बहिणीच्या हातात डबी दिली. म्हटलं, मी मागितली तरी देऊ नकोस. तिसऱ्या दिवशी मागितली. नाही दिली. आमच्याकडे त्या दिवशी पाणी आलं होतं, चार दिवसांनी. सोलापूरकरांना सांगायला नको, पाणी आलं की घरात मयत असलं तरी आधी घागर लावतात. मी नळ तसाच सोडला, बादली भरून मोरीत वाहतेय, आणि मी बहिणीच्या मागं ट्रंकेपर्यंत. तिला नाही नाही ते बोलले. ती किल्ली कमरेला खोचून बसून राहिली.

आता बरीच वर्षं झाली. दुकान तिथंच आहे, पेन्शन वेळेवर येते, बोटं शाबूत आहेत. मला कुणी अडवत नाही. पण मला मिश्री लाववत नाही. वास आला तरी पोटात ढवळतं. आता तू सांग, टाकीआड उभी राहणारी मी जास्त मोकळी होते की आत्ताची? तेव्हा मला दोन्ही करता येत होतं म्हणे. लावता येत होती आणि न लावताही येत होती! कागदोपत्री दोन वाटा होत्या, पाय मात्र रोज एकाच वाटेनं जायचे.

अकराव्या शतकात कँटरबरीच्या अन्सेल्मनं हेच नेमकं मांडलं. पाप करण्याची ताकद हा स्वातंत्र्याचा भागच नाही, असं तो म्हणतो. एकाकडे चांगुलपणा आहे पण तो केव्हाही हरवू शकतो, दुसऱ्याकडे असा आहे की हरवतच नाही, तर मोकळा कोण? तो दुसऱ्याला मोकळा म्हणतो. मीही.

आता तुझा लूम. पिन पडते, लूम थांबतो, टॉवेल वाचतो. पण टॉवेल चांगला निघावा अशी लूमची काही इच्छा नसते. माझे वडील हातमागावर बसायचे. धागा तुटला की त्यांचा हात आपण होऊन गाठ मारायचा, बोलणं चालूच. गाठ दिसली तर मात्र त्यांना जेवण जायचं नाही. त्यांना थांबवायला पिन लागत नव्हती. देवानं स्वर्गात पिना बसवल्या असतील, तर तुझी तक्रार मला मान्य आहे आणि मीही तुझ्याबरोबर सही करते. शास्त्र मात्र पिनांबद्दल बोलत नाही, बघण्याबद्दल बोलतं. योहानाच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे, तो जसा आहे तसा आपल्याला दिसेल म्हणून आपण त्याच्यासारखे होऊ. थॉमस ॲक्वायनसनं तेराव्या शतकात यावरच सगळं उभं केलं. माणूस पाप करतो तेसुद्धा काहीतरी चांगलं वाटतं म्हणूनच. खरं चांगलं समोर उघडं दिसल्यावर नकलीकडं हात जाईल कशाला?

इथं एक माणूस मला फार जवळचा वाटतो, त्याचं नाव आपल्या उपदेशांत कधी येत नाही. मॅक्सिमस नावाचा ग्रीक साधू, सातव्या शतकातला. त्या काळी बादशहाच्या दरबाराला वाटत होतं, ख्रिस्ताला एकच इच्छा होती, दैवी, असं ठरवून टाकावं म्हणजे भांडणं मिटतील. मॅक्सिमस म्हणाला, नाही, त्याला माणसाचीही खरीखुरी इच्छा होती. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत घाम गाळत ख्रिस्त ‘माझी नको, तुझी इच्छा होवो’ म्हणाला, तेव्हा ‘माझी’ म्हणजे कुणाची मग? या हट्टापायी म्हाताऱ्याची जीभ आणि उजवा हात तोडला. हद्दपारीत ६६२ मध्ये तो वारला. १८-१९ वर्षांनी कॉन्स्टॅन्टिनोपलच्याच परिषदेत त्याचं म्हणणं मान्य झालं.

तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध असा. ख्रिस्ताला माणसाची पूर्ण इच्छा होती आणि त्यानं पाप केलं नाही, असं आपण मानतो. म्हणजे पाप न करणारी इच्छा ही इच्छा नव्हेच, असं म्हणायची सोय ख्रिस्ती माणसाला राहत नाही. मॅक्सिमस याच्याही पुढं जातो. हे करू की ते करू असं आपलं जे हेलकावे खाणं चालतं, त्यालाच आपण स्वातंत्र्य समजतो. तो म्हणतो, नीट माहीत नसतं म्हणून माणूस हेलकावतो. नवी पेठेत साडी घ्यायला गेलेली बाई पंचवीस साड्या उलगडते ती काही फार स्वतंत्र असते म्हणून नव्हे, तिला नक्की काय हवंय ते कळत नसतं म्हणून. (दुकानदाराला विचारा.)

आणि पाप वगळलं म्हणजे निवडायला काही उरतच नाही, हेही खरं नाही. टिमथी पॉल आणि केविन टिम्प या दोन अमेरिकी तत्त्वज्ञांनी २००९ मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला. चांगल्या-वाइटातली निवड संपली तरी चांगल्या-चांगल्यातली उरतेच, असं त्यांचं म्हणणं. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, की बाजरीची आणि लोणी? यात पाप कुठंय, आणि निवड नाही असं कोण म्हणेल? त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वर्गातला माणूस जसा असतो तसा तो होण्यात त्याच्या इथल्या निवडींचा वाटा असतो. वळण लागलं, पण लावून घेतलं त्यानंच. माझी डबी तीच.

आता शेवटचा आणि अवघड भाग. एदेन बागेतच का नाही? जे. एल. मॅकी नावाच्या तत्त्वज्ञानं १९५५ मध्ये हाच प्रश्न असा टोकदार केला, की धर्मपंडितांना अजून नीट बसता येत नाही. माणूस मोकळेपणानं एकदा चांगलं निवडू शकतो, तर मोकळेपणानं दर वेळी चांगलंच निवडेल असा माणूस सर्वशक्तिमान देवाला का घडवता आला नाही? तुझी रात्रपाळी चालू असताना तुला हे आपोआप सुचलं, याचं मला कौतुक आहे.

‘स्वातंत्र्य दिलं म्हणून पाप आलं’ एवढंच उत्तर देणारे इथं अडकतात, हे मान्य करायला हवं. आपल्या पाळकसाहेबांचे दोन रविवार एकमेकांना भेटत नाहीत ते इथंच. मी भावाचा दाखला द्यायची, डबी गटारात फेकून मिश्री सुटत नसते म्हणून. पण मॅकी म्हणेल, गटारात फेकायला सांगतोय कोण? देवानं तलफच द्यायची नव्हती. आणि तलफ नसलेलं माणूस माझ्याच घरात होतं. धाकटी बहीण. तीच आई, तोच तवा, तोच धूर. तिनं आयुष्यात कधी बोट लावलं नाही, लावावंसंही वाटलं नाही. ती माझ्यापेक्षा कमी स्वतंत्र? छे. मग सगळ्यांनाच धाकटीसारखं का नाही घडवलं?

बरीच वर्षं मी या प्रश्नाशी अडून होते. मग एकदा तिला सहज विचारलं, त्या पाण्याच्या दिवशी तुझ्या मनात काय होतं गं? म्हणाली, ‘तुझे हाल बघवत नव्हते. देऊन टाकावी असं मला दिवसभरात शंभरदा वाटलं. किल्ली मोरीत टाकणार होते.’ मी तिला तयार चांगली समजत होते. तिची परीक्षा मिश्रीची नव्हती, माझी होती, आणि ती तिनं त्या दिवशी ट्रंकेवर बसून दिली. तयार माणूस म्हणून मी जिच्याकडे बोट दाखवत होते, तीही घडत होती.

दुसऱ्या शतकात ल्यों शहराचा बिशप आयरेनियस म्हणाला होता, आदाम-हव्वा पूर्ण वाढलेली नव्हती, लेकरं होती. आई बाळाला जड अन्न देऊ शकते, बाळालाच ते घेता येत नाही. देवाची कुवत कमी पडली नाही, घेणाऱ्याला वेळ लागतो. यानं मॅकी गप्प बसतो असं मी म्हणणार नाही. तो म्हणेल, वाढलेलीच का नाही केली? मला मात्र बहिणीच्या त्या एका वाक्यानंतर ‘घडत न जाता घडलेला माणूस’ म्हणजे काय, हेच डोळ्यांसमोर आणता येत नाही. तुला येत असेल तर पुढचं पत्र लिही, पण कोऱ्या कागदावर.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर तुझ्या मनात आला असेलच. त्याला कुठं वळण लावायला वेळ मिळाला? नाही मिळाला. पण ‘माझी आठवण ठेवा’ म्हणाला, म्हणजे डबी त्यानंच हातात दिली. डबी देणं आणि तलफ जाणं यांत माझी काही वर्षं गेली, त्याचं त्याच दिवशी झालं असेल. कॅथलिक मंडळी मधल्या काळाला शुद्धिस्थान म्हणतात, आपण प्रॉटेस्टंट ‘डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच’ म्हणतो. तान्हेपणी गेलेल्या लेकरांनी कुणाच्या हातात काय दिलं, यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. त्यातलं एक माझ्या घरचं आहे. त्याच्यावर मी वाद घालत नाही.

टपरीवर एवढं सगळं बोलत बसू नकोस, चहा गार होईल. जोडीदाराला एकच विचार : तुझ्या आईला तुझ्या चहात उंदराचं औषध कालववेल का? औषध दुकानात मिळतं, हात तिचेच, चहा तिनंच केलेला. ‘नाही’ म्हणाला, की विचार मग ती मशीन आहे का. चहाचे पैसे त्याला देऊ दे.

प्रश्न : बाई, सैतान आधी स्वर्गातच देवदूत होता ना? तो तिथून पडला, मग आपण पडणार नाही कशावरून?
– एक गृहिणी, साखर पेठ

उत्तर : आपण लहानपणापासून जी गोष्ट ऐकली ती शास्त्रात अशी सलग एका जागी नाही. यशयाच्या चौदाव्या अध्यायातला आकाशातून पडलेला पहाटेचा तारा हे बाबेलच्या राजाला मारलेले टोमणे आहेत. ‘ल्युसिफर’ हा त्या ताऱ्याचा लॅटिन शब्द. यहेज्केलच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातलं सोर नगराच्या राजाबद्दल आहे. यहूदाच्या पत्रात आपलं स्थान सोडलेल्या देवदूतांचा उल्लेख आहे, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात युद्ध आहे. हे सगळं जुळवून मागच्यांनी गोष्ट बांधली.

ती गोष्ट खरी धरली तरी ॲक्वायनसचं उत्तर असं, की पडले तेव्हा त्या देवदूतांना देव अजून समोरासमोर दिसलेला नव्हता. ते चांगले होते, पण अजून पोचलेले नव्हते. ज्यांनी त्या एका क्षणी देवाकडे तोंड केलं त्यांना दर्शन झालं, आणि त्यांच्यातला पुढं कुणी पडला नाही. म्हणजे ते अंगणातून पडले, घरातून नव्हे. आपल्याला जे कबूल केलंय ते तर प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातलं नवं आकाश आणि नवी पृथ्वी, जिथं अशुद्ध काही आत येत नाही. साखर पेठेतल्या वाड्यांना दोन दारं असतात, तुम्हाला कळेल.

प्रश्न : स्वर्गात मला माझी पापं आठवतील का? आठवली तर लाजेनं मान वर होणार नाही. नाही आठवली तर ती मी कसली?
– नाव छापू नये

उत्तर : नाव छापत नाही. ऑगस्टीननं त्याच शेवटच्या प्रकरणात याचा विचार केलाय. तो म्हणतो, आजार माहीत असण्याचे दोन प्रकार आहेत. रोग्याला तो भोगून माहीत असतो, वैद्याला शिकून. तिथं मागचं सगळं कळेल, पण वैद्याला कळतं तसं, ठणका न लागता. एरवी, कशातून सुटलो ते आठवलंच नाही तर आभार कशाचे मानायचे? पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच की. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले. पुसून टाकणं त्याला अवघड नव्हतं.

गेल्या वर्षी सूनबाई मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी अर्धा तास खरवडलं. पुढचे दात उजळले, दाढांवरचा काळा डाग तसाच राहिला. म्हणाल्या, हा काढायला गेलं तर दाढच झिजेल. म्हटलं, राहू द्या. संडे स्कूलमधली पोरं अजून विचारतात, टीचर, तोंडात मागं काळं काय आहे? मी मिश्री म्हणून सांगते.